दोन ते आठवाले आप्पा

देवराम आप्पा लग्नाच्या पंगतीत बसले की पहिला घास घेत नाहीत. आधी सदऱ्याच्या खिशातून बारीक थर्मामीटर काढतात, रुमालाने पुसतात आणि सरळ श्रीखंडात खुपसतात. शेजारचे वाढप्याकडे बघतात, वाढपी यजमानाकडे बघतो आणि यजमान मांडवाच्या छताकडे. आप्पा मात्र शांत. आकडा स्थिर झाला की जाहीर करतात, "एकवीस! हाई श्रीखंड नही शे भो, हाई जुलाब शे. रातले समजी." मग वाटी बाजूला सरकवून वरण-भात मागतात.

एका लग्नात नवरदेवाच्या बापाने त्यांना हातच जोडले. म्हणाला, "आप्पा, तुमच्यासाठी वेगळी बासुंदी फ्रिजमध्ये ठेवलीय, पण ते यंत्र खिशात घाला." आप्पा खूष झाले. बासुंदी खाल्ली आणि निघताना आचाऱ्याच्या पाठीवर थाप मारून आले, "साडेसात. शाब्बास!" म्हणजे यंत्र काही खिशात गेलं नव्हतंच.

मी रफिक. शहाद्यात बसस्टँडपासून थोडं आत माझं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. आप्पांचं घर बरोब्बर समोर. रस्ता ओलांडला की आप्पा माझ्या दुकानात, आणि आप्पा दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडतात. माझं डोकं तापट आहे, हे मी आधीच कबूल करतो. गिऱ्हाईक नुसता गॅस भरायला फ्रिज घेऊन येतं आणि आप्पा स्टुलावर बसल्या बसल्या त्याला सांगतात, "इकी टाक भो. यान्हा दरवाजाना रबर पाय, म्हातारीना दातसारखा व्हई गया." 'विकून टाक' ऐकलं की गिऱ्हाईक फ्रिज उचलून घरी घेऊन जातं. आता यावर माणसाने हसावं की कपाळ बडवावं?

आप्पा आरोग्य खात्यात होते. डॉक्टर नाहीत, कंपाउंडर नाहीत. लसी सांभाळायचं काम. लहान मुलांच्या लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात. वर गेल्या तर वाया, खाली गोठल्या तर त्याही वाया. नोकरीची बहुतेक वर्षं आप्पांनी वर सातपुड्यात, मोलगीला काढली. तिथे लाईट येते ती पाहुण्यासारखी, आणि पाड्यांवर जायचं तर लसींचा डबा खांद्याला अडकवून पायी. एकदा नाला ओलांडताना पाय घसरला, आप्पा पाण्यात, डबा डोक्यावर. काठावर आले तेव्हा उजव्या हाताचं एक बोट मोडून लोंबत होतं. लोक बोट बघत होते आणि आप्पा डबा उघडून थर्मामीटर बघत होते. "चार!" म्हणाले म्हणे, आणि मग बेशुद्ध पडले.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. खात्याने शाल-नारळ देऊन मोकळं केलं, पण दोन ते आठ काही सुटलं नाही. घरच्या फ्रिजवर त्यांनी कागद चिकटवला आहे: 'उघडण्याआधी ठरवा, काय काढायचं आहे.' जिजी, म्हणजे त्यांच्या घरच्या, दार उघडायच्या आधी पाढे म्हटल्यासारखं म्हणतात, "कोथिंबीर, मिरची, दही," आणि एका दमात तिन्ही काढून दार आपटतात. एकदा लिंबू विसरलं तर त्यांनी आमच्या घरून नेलं, पण फ्रिज पुन्हा उघडला नाही. "कोन आयकी ते प्रवचन?" असं जिजी माझ्या बायकोला म्हणाल्या.

असं सगळं मजेत चाललं होतं. होळीच्या सुमाराला आप्पा एक दिवस दुकानात आले ते पायात जिजींची चप्पल घालून. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते वैशूचं. वैशू ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असते. लग्नाला नऊ वर्षं झाली, देवधर्म झाले, दवाखाने झाले, आणि आता कुठे तिला दिवस गेले होते. जिजींनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते, आप्पांनी अर्थातच आधी पेढ्याचं तापमान घेतलं होतं. आणि आता डॉक्टरीणबाईंनी वैशूला सांगितलं होतं, पलंगावरून उठायचं नाही, प्रवासाचं तर नाव काढायचं नाही. म्हणजे वैशू आखाजीला येणार नव्हती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीकडे लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, दिवसभर नुसता दंगा. सकाळी पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजायची, चुलीतल्या विस्तवावर पुरणपोळीचा, रसाचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात, आणि मग वर्षातला पहिला आंबा तोंडात घालायचा. त्याच्या आधी आप्पांच्या घरात आंब्याला कुणी शिवत नाही. आणि रस लागतो तो धानोऱ्याच्या शेतातल्या त्यांच्या जुन्या गावठी झाडाचाच. लग्न झाल्यापासून वैशूनेही हा नेम मोडला नव्हता. पुण्याला गल्लोगल्ली आंबे विकायला येतात, पण ही बाई आखाजीला माहेरी येऊन घागरीचा, म्हणजे त्या पूजेतला, रस खाल्ल्याशिवाय आंबा चाखायची नाही.

"ती म्हने, आवंदा मी आंबाच खात नही आप्पा," आप्पा स्टुलावर बसत म्हणाले. "नऊ वरीसमा पहिल्यांदा तिले डोहाये लागनात भो. आंबानाच लागनात. आनि ती खाई ऱ्हायनी नही."

"मग पाठवा ना कुरिअरने एक पेटी."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमलो.

"रस जाई. घागरना रस. आखाजीनाच दिन, दिन बुडाना आधी. मी सोता लई जासू. आनि दोन ते आठ म्हनजे दोन ते आठ."

शहादा ते पुणे म्हणजे नऊ-दहा तासांचा रस्ता, तोही ऐन उन्हाळ्यातला. गावठी आंब्याचा रस अशा उन्हात दोन तासांत काळा पडतो आणि चार तासांत फसफसतो. मी आपलं व्यवहाराचं बोललो. थर्माकोलचा डबा घ्या, बर्फ घाला, झालं.

"बर्फ!" आप्पा केवढ्याने हसले. "बर्फसंगे मी तीस वरीस संसार करेल शे रे भो. बर्फ बेइमान शे. पहिले गोठाडस, मंग सोडी देस. माले वायरवाला डबा पाहिजे. गाडीमा चालनारा. तू मेकॅनिक शेस, तू सांग कोनता."

झालं. तिथून माझ्या मागे साडेसाती लागली.

गाडीत चालणारे हे विजेचे डबे हल्ली सर्रास मिळतात. सिगारेट पेटवायच्या खाचेत वायर खुपसली की चालू. शहरातले लोक त्यात पोराबाळांसाठी पाण्याच्या बाटल्या, चॉकलेटं घालून सहलीला जातात. आप्पांनी मोबाईलवर असतील-नसतील तेवढे व्हिडिओ बघितले आणि प्रत्येक विकणाऱ्याला एकच प्रश्न पाठवला: 'चव्वेचाळीस डिग्रीत, गाडीचा एसी म्हातारा असताना, बायको दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघत असताना, तुमचा डबा दोन ते आठ किती तास ठेवतो?' एकाने उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले. दुसऱ्याने विचारलं, काका, तुम्ही सहलीला जाताय की रक्त घेऊन जाताय?

पहिला डबा आला तो लाल चुटूक, दिसायला देखणा आणि हलका. आता त्याची परीक्षा घ्यायची तर रस हवा, आणि आखाजीच्या आधी घरात आंबा आणायची सोय नाही. मी म्हटलं, आमच्याकडे काही बंधन नाही, मी आणतो रस. आप्पा म्हणाले, "तुन्हा आंबा तू खाय भो. मन्हा डबामा पहिला आंबा घागरनाच जाई." मग बराच विचार करून त्यांनी गंगाफळ आणलं. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. जिजींनी ते उकडून, गाळून, अगदी रसासारखं पिवळं दाट करून डब्यात भरलं, आणि आम्ही माझ्या गाडीतून निघालो मोलगीला. का, तर "घाट चढाले पाहिजे. सपाट रस्तावर काय, कोनीबी थंडा राहास."

मोलगीला बाजाराचा दिवस होता. गाडी थांबली आणि माणसं गोळा झाली. एक म्हातारी पुढे आली, डब्याकडे बोट दाखवून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आप्पा तिच्याच बोलीत उत्तरले आणि दोघं खदाखदा हसली. मागून कळलं, तिने विचारलं होतं, आता कोणाला टोचायला आलास? आप्पा म्हणाले होते, गंगाफळाला. मग सगळ्यांच्या देखत डबा उघडला, थर्मामीटर आत गेला. बाहेर त्रेचाळीस आणि आत तेवीस.

"रफिक! हाई काय शे?"

मी समजावून सांगितलं. या डब्यात कॉम्प्रेसर नसतो, गॅस नसतो. एक चकती असते, ती एका बाजूने थंड होते, दुसऱ्या बाजूने गरम. बाहेरच्यापेक्षा वीसेक डिग्री खाली आणते, त्याच्या पलीकडे तिची ताकद नाही. त्रेचाळीसातून वीस गेले, तेवीस राहिले. डबा बिचारा प्रामाणिक आहे.

"ह्या डबा काश्मीरमा चाली," आप्पा म्हणाले. "पन काश्मीरमा याले इचारी कोन?" डबा परत गेला. गंगाफळ मात्र परत जाण्यातलं नव्हतं. आठवडाभर आमच्या आख्ख्या गल्लीने गंगाफळाची भाजी, गंगाफळाच्या घाऱ्या, गंगाफळाचं भरीत खाल्लं. "और एक गंगाफल इस घर में आया तो मैं मायके चली जाऊँगी," असं माझ्या बायकोने मला बजावलं.

दुसरा डबा आप्पांनी सुरतेकडच्या एका व्यापाऱ्याकडून आणला. काळा, जाडजूड, कॉम्प्रेसरवाला, उचलायला दोन माणसं. हा मात्र खरा गडी होता, तासाभरात चारवर आला. आप्पा हरखून गेले. परीक्षेसाठी म्हणून आम्ही जवळच्या प्रकाशा गावी एका नातेवाइकाच्या नातवाच्या जावळाला गेलो, डबा गाडीत चालू ठेवून. जावळ झालं, जेवणं झाली, आहेर झाले, चार तास गेले. परत येऊन चावी फिरवली तर गाडी ठार मेलेली. डब्याने आमच्या बॅटरीतलं सगळं रक्त शोषून घेतलं होतं. भर दुपारी डोक्यावर ऊन, जावळाचे पाहुणे फेटे सांभाळत गाडीला धक्का मारतायत, मी शिव्या घालतोय, आणि आप्पा मागच्या सीटवरून ओरडतायत, "गाडी मरनी रे भो, पन डबा चार शे! चार!"

मला राग येत होता आणि हसूही आवरत नव्हतं. मी म्हटलं, आप्पा, रस थंड पोचेल पुण्याला, पण आपण पोचणार नाही.

त्या रात्री जिजींनी तोंड उघडलं. "वैशूसाठे जवाई पाहा तवय एक दिनमा हा म्हनी दिधं तुम्ही. आनि डबाले दीड महिना!"

"जवाईले कोठे दोन ते आठमा ठेवना व्हता?" आप्पा म्हणाले. 

आखाजी आठ दिवसांवर आली आणि आप्पांचा चेहरा उतरायला लागला. तिकडे वैशू रोज फोनवर विचारायची, आप्पा, डबा भेटना का? आणि आप्पा सांगायचे, भेटी. शेवटी मीच कंबर कसली. कॉम्प्रेसरवाला, पण लहान. दोन सीटांच्या मधे बसेल असा. आणि मुख्य म्हणजे गाडीची बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद होणारा. धुळ्याला माझ्या धंद्यातल्या एका दोस्ताला सांगून मागवला. करड्या रंगाचा, दिसायला अगदी सामान्य. आप्पांनी तो अंगणात भर उन्हात ठेवला, माझ्या दुकानातून बॅटरी नेऊन जोडला, आणि स्वतः शेजारी खाट टाकून बसले. जिजी म्हणाल्या, निदान डोक्यावर टापरा तरी बांधा. आप्पा म्हणाले, मी सावलीत बसलो तर डब्याला काय वाटेल? सकाळपासून दुपारी चारपर्यंत दर अर्ध्या तासाने आकडा जाहीर होत होता आणि गल्लीतले लोक खिडक्यांतून ऐकत होते. चारला आप्पा उठले, चेहरा टोमॅटोसारखा लाल, आणि रस्त्यापलीकडून ओरडले, "रफिक! तीन शे! पास!" जिजींनी डब्याला हळदकुंकू लावलं. मी दुकानात चहा सांगितला, सगळ्या गिऱ्हाइकांना.

आखाजीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. ऐन उन्हाळ्यात फ्रिजवाल्याने दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे फ्रिजवाल्यालाच विचारा. पण गाडी चालवायला कोण? आप्पांना थर्मामीटर सोडून स्टिअरिंग धरायला सांगणं म्हणजे सगळ्यांनीच आखाजीला पितर होऊन बसणं.

पहाटे धानोऱ्याचे आंबे आढीतून निघाले. जिजींनी चोळून रस काढला, घागर पुजली, आगारी पडली, धूर झाला आणि बाकीचा रस स्टीलच्या डब्यात घट्ट बंद झाला. आठ वाजता तो करड्या डब्यात गेला. घरात कुणी आंबा चाखला नाही, आप्पाही नाहीत, जिजीही नाहीत. "पहिले पोर खाई," एवढंच जिजी म्हणाल्या. आम्ही निघालो. पुढे मी आणि जिजी, मागे आप्पा आणि डबा.

धुळं गेलं, "पाच!" मालेगाव गेलं, "पाच!" माझ्या गाडीचा एसी म्हणजे म्हाताऱ्याने गरम दुधावर घातलेली फुंकर, आम्ही घामाने निथळत होतो, पण पाच ऐकलं की बरं वाटायचं. जिजी गाणं गुणगुणायला लागल्या. मनमाड गेलं, "पाच!" येवल्याला चहा झाला. आणि येवल्याच्या पुढे अर्धा तास आप्पांचा आवाजच आला नाही.

"आप्पा, किती?"

आरशात आप्पांची नुसती वाकलेली मान दिसली.

"आप्पा!"

"अकरा," आप्पा म्हणाले. इतक्या हळू मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

गाडी एका लिंबाखाली घेतली. मागचं दार उघडलं आणि बघतो तर काय, डब्यावर ओलं गोणपाट. चारी बाजूंनी नीट खोचून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. डबा बंद पडलेला आणि हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

"ऊन लागी ऱ्हायनं व्हतं त्याले," आप्पा म्हणाले. "मोलगीले मी असाच झाकी लई जाऊ. तीस वरीस."

माझा पारा चढला. "आप्पा, तो बर्फाचा डबा होता, मुका! ही मशीन आहे. आतली गरमी तिला बाहेर टाकावी लागते, त्या बाजूच्या जाळ्या त्यासाठी असतात. तुम्ही तिचं नाक-तोंड बांधलंत! आयुष्यभर थंडी सांभाळलीत आणि एवढं कळू नये?"

बोललो आणि जीभ चावली. आप्पा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. थर्मामीटर हातात तसाच. मान वर न करता त्यांनी विचारलं, "रस गया का रे, रफिक?" आणि तो आवाज काळजात गेला. दीड महिना हा माणूस एकाच गोष्टीसाठी राबला होता आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या हाताने तिची वाट लावून बसला होता.

 जिजींनी गोणपाट काढलं, पदराने जाळ्या पुसल्या आणि डब्याला वारा घालायला लागल्या. ते बघून माझं डोकं थंड झालं. मी कामाला लागलो. पंधरा मिनिटं डबा सावलीत गार होऊ दिला, खोकी फाडून पुठ्ठ्याचं एक नळकांडं केलं, ते एसीच्या तोंडाला चिकटपट्टीने बांधून थेट जाळीपर्यंत नेलं. म्हणजे गाडीतला होता नव्हता तेवढा गारवा डब्याला आणि आम्हाला शेक. चावी फिरवली. डबा घरघरला. बारा. अजून बारा. आप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, मीही माझ्या परीने दुवा मागत होतो. अकरा. कोपरगाव मागे पडलं, दहा. नऊ.

"आठ!" आप्पा असे ओरडले की शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने दचकून ब्रेक मारला. "आठ! जिजी, आठ! रफिक, भो, तुन्हा बापनी तुले काय शिकाडं रे!" मागून त्यांनी माझे खांदे असे गदागदा हलवले की गाडीच रस्ता सोडू पाहत होती. मग सात आलं, मग सहा, आणि पुण्याच्या अलीकडे पुन्हा पाच. माझ्या आयुष्यात मी शेकडो फ्रिज दुरुस्त केले, पण त्या पाचासारखा आनंद कधी झाला नाही, खरं सांगतो.

दिवस मावळायला अर्धा तास बाकी होता. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, डब्यात काय आहे? आप्पा म्हणाले, "आखाजी शे." जावई खाली धावत आले, हात पुढे केला, आप्पांनी डबा दिला नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत छातीशी धरून नेला. वैशू उशांना टेकून बसली होती, पोट मोठं, चेहरा सुकलेला, डोळे दाराकडे. आप्पांनी तिच्यासमोर डबा उघडला, झाकण काढलं. हळदीसारखा पिवळाधमक रस, काळा ठिपकासुद्धा नाही. वासाने खोली भरून गेली. वैशूने टाळ्या वाजवल्या, जावयांनी वाजवल्या, जिजींनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी, कोणाचा कोण, दारात उभा राहून शिट्टी मारली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं होतं.

जिजींनी वाटी भरून वैशूच्या हातात दिली. वैशूने ती हातात धरली, पण तोंडाला लावली नाही.

"तुम्ही बठा आप्पा. तुम्ही बठशात मंगच मी खासू."

"तू खाय ना बेटा. माले काय घाई शे?"

"नही. लहानपने बी मी तुमनाशिवाय खाये नही."

मग ती माझ्याकडे वळून सांगायला लागली, हसत हसतच. लहानपणी आखाजीला गल्लीतली सगळी पोरं रस खायची आणि ही आपली वाटी घेऊन घराच्या ओट्यावर बसायची, आप्पा आल्यावर खाईन म्हणून. पण आखाजीला खात्यातले सगळे रजेवर, वर लाईटचा भरवसा नाही, आणि आप्पांचा लसींच्या बाबतीत दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. ते मोलगीलाच फ्रिजपाशी. एका वर्षीही त्या दिवशी घरी आले नाहीत. वैशू वाट बघून बघून झोपी जायची. वाटी ओट्यावर झाकून ठेवलेली, आप्पांच्या नावाची.

"आणि सकाळी उठून बघावं तर वाटी रिकामी! जिजी म्हणायची, पितर खाई गयात. मला कितीतरी वर्षं वाटायचं, आमच्या पितरांना काळा पडलेला आंबट रसच आवडतो." ती हसली. आम्हीही हसलो.

"पितर कशाना," जिजी म्हणाल्या. "पोरले काय सांगू म्हनीसन मी सांगे. मांजर ऱ्हाई."

"मांजर नही व्हतं," आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आप्पा जमिनीकडे बघत होते.

"आखाजी सरनी, रातले दुसरा माणूस उना की मी भेटी त्या जीपवर बसू. तांबडं फुटता फुटता घर येऊ. तुम्ही दोन्ही झोपेल. ओटावर वाटी ऱ्हाये." त्यांनी वैशूच्या हातातल्या वाटीकडे बघितलं. "पोरनी मन्हासाठे ठेयेल. फेकाना कसा? उभ्या उभ्या खाई लेऊ. वाटी चाटीसन तठेच ठेवू आनि मंग दार वाजाडू. तुमले समजाले नको म्हनीसन."

 मग जिजींनी कमरेवर हात ठेवले. "आनि दरसाल आखाजीना दुसरा दिन तुमनं पोट बिघडे, ते?"

"मंग!" आप्पा एकदम उसळले. "रातभरना रस, उन्हायामा! बिघडी नही तं काय व्हई?"

जिजी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी गॅलरीत गेलो. रडलो, त्यात लाज कसली? पाच-दहा मिनिटांनी तोंड पुसून आत आलो तेव्हा वैशू अजून तशीच बसलेली होती. तिने आपली वाटी आप्पांच्या हातात दिली, दुसरी स्वतःसाठी भरून घेतली, आणि आप्पा पलंगाच्या कडेला नीट टेकून बसेपर्यंत थांबली. मग बापलेकीने एकदमच पहिला घास घेतला.